क्रायोकूलर ते सॅम्पल प्लेट: मधले साडेपाच केल्व्हिन जातात कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन स्टेजचा (थंड करणारे दोन टप्पे असलेला) जीएम, म्हणजे गिफर्ड-मॅकमहॉन पद्धतीचा क्रायोकूलर (अतिशीत तापमान देणारं यंत्र) आहे, ४.२ केल्व्हिनला १ वॅट क्षमतेचा. चालू असताना दुसऱ्या स्टेजवर ३.३ केल्व्हिन दिसतात, पण तिथून १५ सेंटिमीटरवर असलेली ६०६१ अ‍ॅल्युमिनिअमची सॅम्पल प्लेट ८.९ च्या खाली येत नाही. मध्ये कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या दोन वेण्या आहेत, प्रत्येकी २५ चौरस मिलिमीटरच्या. टोकांना डाग (सोल्डर) देऊन बसवलेले लग (बोल्टासाठी भोक असलेली धातूची टोकं) आणि प्रत्येक लगला एक एम४ बोल्ट. शिवाय कूलरचा ठोका मोजमापात उमटतो. प्लेट ४.२ च्या आसपास हवी आहे, तर १.५ वॅटचा कूलर घ्यावा का?

नको, निदान आत्ता तरी नको. ते म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी होईल. १ वॅटचा कूलर ३.३ वर बसलाय याचा अर्थ त्याच्यावर फारसा भारच नाही. मोठा कूलर आणलात तर दुसरी स्टेज समजा ३.० वर जाईल. या तापमानात तांब्याची उष्णतावाहकता तापमानाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे हिशोब तापमानाच्या वर्गांच्या फरकावर चालतो. तो मांडला तर प्लेट ८.९ वरून ८.८ च्या आसपास येते. तेवढ्यासाठी कूलर बदलायचा नसतो.

पुढचं सगळं तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: प्लेटवर प्रत्यक्ष किती उष्णता येते, मोजमापाला किती कंपन चालतं, आणि प्लेट कूलरपासून विद्युतदृष्ट्या वेगळी ठेवायची आहे का. त्यामुळे खालचे आकडे नमुन्याचे समजा, स्वतःचे आकडे घालून पुन्हा हिशोब करा.

आधी थर्मामीटरवर संशय घ्या. प्लेटवरच्या सेन्सरच्या तारा वरून थेट येत असतील तर सेन्सर प्लेटचं तापमान सांगत नाही, तारांचं सांगतो. तारा फॉस्फर ब्राँझच्या, बारीक असाव्यात. पहिल्या स्टेजवर आणि मग पुन्हा प्लेटवर, सेन्सरच्या आधी, त्यांचे काही वेढे तांब्याच्या बॉबिनवर घेऊन वार्निशने चिकटवावेत. मग दोन्ही सेन्सर एकमेकांच्या जागी लावून एकदा थंड करून बघा. आकडे सेन्सरबरोबर फिरले तर दोष सेन्सरचा, जागेवर राहिले तर फरक खरा.

मग भार. वेण्या सोडवून ठेवा, दुसऱ्या स्टेजवर एक हीटर लावा आणि ०, ०.१, ०.२, ०.५, १ वॅट देत प्रत्येक वेळी स्थिर झालेलं तापमान लिहून घ्या. उत्पादकाचा आलेख असतोच, पण तुमच्या पहिल्या स्टेजचं तापमान वेगळं असेल तर तो तंतोतंत लागू पडत नाही. वेण्या परत जोडल्यावर स्टेजचं तापमान या यादीत शोधलं की भार कळतो. मी इथे ०.२ वॅट धरतो. तो याहून बराच जास्त निघाला तर आधी शील्डची (प्लेटभोवतीच्या थंड आवरणाची) भोकं बघा: खोलीच्या तापमानाचा काळा पृष्ठभाग दर चौरस सेंटिमीटरला ४६ मिलिवॅट फेकतो. शील्डला २ सेंटिमीटर व्यासाचं उघडं भोक असेल आणि त्यातून प्लेटला थेट बाहेरचं दिसत असेल, तर तेवढ्यानंच ०.१४ वॅट आत येऊ शकतो. उलट शील्ड खरोखर ४० केल्व्हिनवर आणि बंद असेल, तर तिच्याकडून चौरस मीटरला जेमतेम ०.१५ वॅट येतो, तो सोडून द्या.

आता वेण्यांचा वाटा. साध्या विद्युत तांब्याचं आरआरआर, म्हणजे खोलीच्या तापमानातला रोध भागिले ४ केल्व्हिनचा रोध, ५० धरलं तर ४ केल्व्हिनला उष्णतावाहकता सुमारे ३२० वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन येते. १० केल्व्हिनपर्यंत ती जवळजवळ सरळ रेषेत वाढते, म्हणजे तापमानाच्या ८० पट. सूत्र एवढंच: वॅट बरोबर छेद (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) भागिले लांबी, गुणिले ४०, गुणिले दोन टोकांच्या तापमानांच्या वर्गांमधला फरक. तुमचा एकूण छेद ५० चौरस मिलिमीटर, लांबी १५० मिलिमीटर. ०.२ वॅट वाहताना वर्गांचा फरक १५ येतो. थंड टोक ३.३ वर असेल तर गरम टोक ५.१ वर. म्हणजे ५.६ केल्व्हिनच्या घसरणीतले १.८ वेणीचे. उरलेले ३.८ जोडांमध्ये आणि, बहुतेकांच्या लक्षात येत नाही अशा तिसऱ्या जागी, प्लेटमध्येच.

६०६१ मिश्रधातूची वाहकता ४ केल्व्हिनला सुमारे ५ वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन असते, चांगल्या तांब्याच्या शंभराव्या भागाइतकी. खोलीच्या तापमानात दोघांत दोन-अडीच पटींचाच फरक असतो म्हणून हा धोका डोळ्यांवर येत नाही. प्लेट १० मिलिमीटर जाड, १०० रुंद आणि सेन्सर लगपासून ५० मिलिमीटर दूर असेल, भार त्या पलीकडून येत असेल, तर एकट्या प्लेटमध्ये एक केल्व्हिनच्या वर जाऊ शकतो. ४ केल्व्हिनची प्लेट ऑक्सिजनमुक्त तांब्याची करा. अ‍ॅल्युमिनिअम ठेवणं भागच असेल तर लग बसतो तिथपासून सॅम्पलपर्यंत तांब्याचा पत्रा त्यावर जोडा. शील्डला ६०६१ चालतं, तिथे तापमान जास्त असतं आणि पाचेक केल्व्हिनचा फरक खपून जातो.

आता जोड. इथे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक वेळा तापमान इथेच गळतं.

दोन धातू एकमेकांवर दाबले की ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. खरा स्पर्श किती, हे लावलेलं बल आणि धातूचा मऊपणा ठरवतात. फ्लँज दुप्पट मोठा करून बोल्ट तेवढेच ठेवले तर दाब अर्धा होतो आणि एकूण वाहकता होती तेवढीच राहते. म्हणून जोड आखताना क्षेत्रफळ बघू नका, एकूण बल न्यूटनमध्ये बघा. ४.२ केल्व्हिनला ४४५ न्यूटन बलाखाली उघड्या तांब्याच्या जोडीची वाहकता ०.०१ वॅट प्रति केल्व्हिनच्या घरात असते, सोन्याचा मुलामा दिलेल्या जोडीची ०.२ च्या घरात. बल वाढवलं की जवळपास त्याच प्रमाणात वाहकता वाढते. पृष्ठभागाच्या अवस्थेनुसार हे आकडे काही पटींनी इकडेतिकडे होतात, पण आखणीला पुरतात.

स्टीलचा एम४ बोल्ट २ न्यूटन-मीटरने आवळला की साधारण २५०० न्यूटन बल मिळतं. तुमच्या प्रत्येक टोकाला दोन बोल्ट, म्हणजे ५००० न्यूटन. उघड्या तांब्याच्या हिशोबाने वाहकता ०.११ वॅट प्रति केल्व्हिन, ०.२ वॅटला १.८ केल्व्हिनची घसरण, आणि अशी दोन टोकं. मोजलेल्या आकड्याच्या आसपासच आलो. पण हिशोब जुळला म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण हे बल खोलीच्या तापमानातलं आहे.

थंड झाल्यावर बोल्ट ढिला पडतो. ३०० वरून ४ केल्व्हिनवर येताना स्टेनलेस स्टील ०.३० टक्के आकसतं, तांबं ०.३३ च्या किंचित खाली, ६०६१ अ‍ॅल्युमिनिअम ०.४१ ते ०.४२, पितळ ०.३८. बोल्टाच्या डोक्याखाली २० मिलिमीटर तांबं असेल तर ते बोल्टापेक्षा ५ मायक्रॉन जास्त आकसतं. २५०० न्यूटनला तो बोल्ट मुळात ताणलेला असतो जेमतेम ३० मायक्रॉन. म्हणजे सहावा हिस्सा बल गेलं. तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनिअम असेल तर फरक २३ मायक्रॉनचा, म्हणजे पाऊण बल गेलं आणि जोड नावाला उरला. तुमची प्लेटकडची बाजू हीच असण्याची दाट शक्यता आहे.

यावर तीन उपाय आहेत. तांब्यावर तांबं असेल तर पितळी बोल्ट चालतो, तो तांब्यापेक्षा जास्त आकसून उलट घट्ट होतो. पण पितळ कमजोर, त्यामुळे आवळण्याचं बल कमी धरावं लागतं. दुसरा, बोल्टाखाली इन्व्हारची (लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची) जाड वॉशर. इन्व्हार फक्त ०.०४ टक्के आकसतं, त्यामुळे २० मिलिमीटर अ‍ॅल्युमिनिअमसाठी ९ मिलिमीटरची आणि तांब्यासाठी २ मिलिमीटरची वॉशर फरक भरून काढते. इन्व्हार चुंबकीय आहे, जवळ चुंबकाचं काम असेल तर हा मार्ग बंद. तिसरा आणि माझ्या पसंतीचा, स्टेनलेसच्या बेलविल (बशीसारख्या, स्प्रिंगचं काम करणाऱ्या) वॉशर, दोन-तीन पाठीला पाठ लावून. आवळल्यावर पूर्ण सपाट होऊ द्यायच्या नाहीत, तीन चतुर्थांश दबल्या की पुरे. त्यांचं दबण्याचं अंतर मिलिमीटरच्या दशांशात असतं, त्यापुढे २० मायक्रॉन किरकोळ. वॉशर बोल्टाच्या बलाला साजेशी निवडा. नुसती गोल स्प्रिंग वॉशर या कामाची नाही.

बोल्ट आवळताना एक गोष्ट कधीही विसरू नका. कूलरच्या स्टेज पातळ भिंतीच्या स्टीलच्या नळ्यांवर उभ्या असतात. स्टेजवरचा बोल्ट आवळताना स्टेज दुसऱ्या पान्याने धरून ठेवायची, पीळ नळीपर्यंत पोचता कामा नये. वाकलेल्या नळीत डिस्प्लेसर (आतला सरकता भाग) घासतो आणि कूलर गेला समजा. उत्पादक टॉर्क आणि आडव्या भाराची मर्यादा देतो, ती २ न्यूटन-मीटरपेक्षा कमी असेल तर तीच पाळा आणि बोल्टांची संख्या वाढवा. तांब्यातले आटे मऊ असतात. शक्य तिथे आरपार बोल्ट आणि नट, नाहीतर स्टीलचे इन्सर्ट. बंद भोकात बोल्ट असेल तर तो मधून आरपार भोक असलेला घ्या, नाहीतर तळाशी अडकलेली हवा कित्येक दिवस झिरपत राहते आणि तुम्ही गळती शोधत बसता.

जोडाच्या मध्ये काय घालायचं? कायमच्या जोडात मी इंडियम फॉइल वापरतो, वारंवार उघडायच्या जोडात एपिझॉन एन ग्रीस. साधी सिलिकॉन हीटसिंक पेस्ट वापरू नका, ती पसरते, थंडीत तडकते आणि काचांवर जाऊन बसते.

इंडियमचं काम असं करायचं. दोन्ही पृष्ठभाग सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून एकाच दिशेने घासा, कडा गोल होऊ देऊ नका. अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्यानंतर हातमोजे. ०.१ मिलिमीटरचं फॉइल धारदार पात्याने कापा. बोल्टांची भोकं अर्धा मिलिमीटर मोठी पाडा, नाहीतर इंडियम आट्यांत शिरतं. फॉइल एकच तुकडा हवं, घडी किंवा एकावर एक अजिबात नको. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने तीन फेऱ्यांत आवळा. इंडियम दाबाखाली हळूहळू वाहतं, त्यामुळे तासाभराने पुन्हा आवळल्यावर पाना थोडा फिरतोच. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघा. कडेने चकचकीत रेघ सगळीकडून सारखी बाहेर आलेली दिसली तर जोड नीट बसला. एकाच बाजूने आली तर पृष्ठभाग वाकडा आहे, उघडा आणि पुन्हा करा. वापरलेलं फॉइल परत लावू नका.

तुमच्यासाठी एक तळटीप: इंडियम ३.४ केल्व्हिनला अतिवाहक होतं आणि त्याखाली त्याची उष्णतावाहकता कमी होत जाते. ३.३ ला फरक जाणवणार नाही, पण पुढे २ केल्व्हिनच्या खाली जायचा विचार असेल तर तिथे सोन्यावर सोनं आणि भरपूर बल हाच मार्ग. कथील ३.७ ला आणि कथील-शिशाचा डाग ७ केल्व्हिनच्या आसपास अतिवाहक होतो. म्हणजे तुमच्या लगमधला डाग आत्ताही उष्णतेच्या वाटेत आडवा उभा आहे. त्यातून वितळलेला डाग वेणीत वर चढतो आणि तेवढा भाग काठीसारखा कडक होतो. कंपनाच्या तक्रारीत त्याचाही हात असणार.

ग्रीसचा थर इतका पातळ हवा की खालचा धातू दिसला पाहिजे. जास्त लावलं की थंडीत तडकतं. आणि ग्रीस बलाची जागा घेत नाही, बोल्ट तेवढेच हवेत. प्लेट विद्युतदृष्ट्या वेगळी ठेवायची असेल तर सफायरची चकती, दोन्ही बाजूंना इंडियम आणि बोल्टांना इन्सुलेटिंग बुश. सफायर तांब्यापेक्षा खूपच कमी आकसतो, तो फरक मधलं मऊ इंडियम सोसतं. तिथे ग्रीसवर भागवू नका.

आता नवी आखणी. स्टेज ३.३, प्लेट ४.२, म्हणजे वाटायला ०.९ केल्व्हिन. मी दोन जोडांना ०.२-०.२ आणि लिंकला (स्टेज आणि प्लेट जोडणाऱ्या तांब्याला) ०.५ देतो. ०.२ वॅटला ०.२ केल्व्हिन म्हणजे जोडाची वाहकता १ वॅट प्रति केल्व्हिन हवी. चार एम४ म्हणजे १०,००० न्यूटन. सोन्याच्या मुलाम्यावर ४.५ मिळतात, थंडीत अर्धं बल गेलं तरी भागतं. उघड्या तांब्यावर ०.२ च्या आसपास, ते पुरत नाही. त्यामुळे मुलामा किंवा इंडियम यांपैकी एक हवंच.

लिंक ३.५ पासून ४.० पर्यंत. आरआरआर १०० चं ऑक्सिजनमुक्त तांबं घेतलं तर सूत्रात ४० च्या जागी ८० येतात आणि १५ सेंटिमीटर लांबीला १०० चौरस मिलिमीटर छेद लागतो. प्लेट सरकवून अंतर ८ सेंटिमीटर करता आलं तर ५३ पुरतात. तांबं वाढवण्याआधी अंतर कमी करायचा प्रयत्न करा, कारण छेद वाढला की लिंक कडक होते.

कडकपणाचं गणित फॉइलच्या बाजूने आहे. ५ मिलिमीटर जाड पट्टीऐवजी ०.१ मिलिमीटरचे ५० थर घेतले तर छेद तोच, पण वाकायला २५०० पट मऊ, अर्थात थर एकमेकांना चिकटलेले नसतील तर. मी तुमच्या जागी २५ मिलिमीटर रुंद, २० थरांच्या दोन पट्ट्या वापरेन. टोकं डाग न देता दाबून किंवा इलेक्ट्रॉन बीमने वेल्ड केलेली हवीत, आणि नंतर निर्वात भट्टीत मऊ करून घ्यायची. त्याने वाहकताही सुधारते. मऊ केलेली पट्टी पुन्हापुन्हा हाताने वाकवून बघू नका, प्रत्येक वाकण्याने तांबं कडक होतं आणि मिळवलेलं गमावतं. वेणीचा फायदा एकच, ती सगळ्या दिशांना वाकते. फॉइल फक्त जाडीच्या दिशेने वाकतं, रुंदीच्या दिशेने ताठ असतं. जीएमच्या टोकाची हालचाल मुख्यतः अक्षाच्या दिशेने, दहा-वीस मायक्रॉनच्या घरात, साधारण सेकंदाला एकदा असते. म्हणून पट्टीला यू आकार द्या आणि ती हालचाल जाडीच्या दिशेने येईल अशी बसवा. यू जरा सैल हवा, आकसल्यावर ताणला जाता कामा नये. पट्टी शील्डला टेकत नाही ना, हे थंड अवस्थेतल्या मापांनी बघा: अर्धा मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनिअम शील्ड २ मिलिमीटर आखूड होते.

लिंक कितीही मऊ केली तरी कोल्ड हेड (कूलरचा थंड करणारा भाग) निर्वात चेंबरवर थेट बोल्टने बसवला असेल तर ठोका भिंतीतून प्लेटपर्यंत पोचतोच. मग बेलोज (घडीदार लवचीक नळी) लागते आणि हेडला वेगळी चौकट. इथे हवेचा दाब विसरला जातो: १५० मिलिमीटर व्यासाच्या बेलोजवर निर्वात केल्यावर जवळपास १८०० न्यूटन, म्हणजे १८० किलो वजनाइतकं बल येतं आणि हेड आत ओढला जातो. चौकट तेवढी भक्कम आणि चेंबर जमिनीला पक्का हवा, नाहीतर मागच्या बाजूने तेवढीच उलटी बेलोज. पंप चालू करण्याआधी हेडला यांत्रिक अडसर लावाच, नाहीतर सगळं बल लिंकवरून कूलरच्या नळीवर जाईल.

कूलरच्या प्रत्येक आवर्तनाबरोबर तापमानही वरखाली होतं. ते शमवायला तांब्याचा ठोकळा वाढवू नका. ४ केल्व्हिनला तांब्याची उष्णताधारकता किलोला केल्व्हिनमागे ०.१ ज्यूलच्या आसपास, म्हणजे नसल्यासारखी. त्या कामाला हेलियमची छोटी कुपी किंवा एर्बियम-निकेलसारखा दुर्मिळ मृदा धातूंचा पदार्थ लागतो.

सगळं बसवल्यावर तपासणी एकदम करू नका. स्टेज, लिंकची दोन्ही टोकं आणि प्लेट अशा चार जागी सेन्सर लावा, सेन्सर दोनच असतील तर हलवत न्या. प्लेटवरच्या हीटरने ०.१, ०.२, ०.५ वॅट द्या आणि प्रत्येक टप्प्याची घसरण वेगळी लिहा. एकाच आकड्यावर विसंबू नका, हीटर वाढवल्यावर घसरण किती वाढते त्यावरून वाहकता काढा. सेन्सरमधला कायमचा फरक त्यात आपोआप वजा होतो. जो टप्पा आखणीच्या दुपटीहून जास्त खातो, तोच उघडा. गरम-थंडच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर हेच मोजमाप पुन्हा करा: जोडाची घसरण वाढत गेली तर बोल्ट सैल होतोय, लिंकची वाढली तर पट्टीच्या टोकाचा वेल्ड सुटतोय.